जपानी ठशांतले वेरूळ

१ सप्टेंबर १९२३. टोकियोत भूकंप झाला, पाठोपाठ आगी भडकल्या. प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांचे लाकडी ठसे आणि छापील चित्रे त्यात भस्मसात झाली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या जपानी नकलाही त्याच आगीत गेल्या. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आलेले चित्रकार अराई काम्पो यांनी त्या नकला अजिंठ्याच्या लेण्यांत केल्या होत्या.

होकुसाई, हिरोशिगे या जुन्या जपानी चित्रकारांची ठसेचित्रकला त्याआधीच छायाचित्र आणि शिळाछापापुढे मागे पडत चालली होती. वातानाबे यांनी १९१५च्या सुमारास नव्या चित्रकारांना जुन्या कोरक्या-छाप्यांशी जोडून तिला 'शिन-हांगा', म्हणजे नवे ठसेचित्र, या रूपात उभे केले.

त्यांच्यासाठी काम करणारे योशिदा हिरोशी मुळात तैलरंग आणि जलरंगांचे चित्रकार. १९२५मध्ये त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली. चित्रकाराने रेखाटायचे, कोरक्याने कोरायचे, छाप्याने छापायचे, ही जुनी वाटणी. योशिदा स्वतः कोरायला शिकले आणि प्रत्येक टप्प्यावर कारागिरांच्या शेजारी उभे राहिले. पातळ कागदावरचे रेखाटन चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून कोरतात. मग ठशागणिक रंग चढतो. फळीच्या कडेला कोरलेल्या खुणांत दरवेळी कागद नेमका बसला नाही, तर चित्र वाया. त्यांच्या एकेका चित्रासाठी कागद कित्येकदा ठशांवरून जाई. शिडाच्या होड्यांचे एकच दृश्य त्यांनी त्याच ठशांतून, फक्त रंग पालटून, सकाळ, दुपार, धुके, रात्र अशा रूपांत छापले. पुनरुज्जीवन म्हणतात ते हेच: पद्धत जुनी, नजर नवी.

हीच नजर घेऊन योशिदा १९३०-३१मध्ये मुलगा तोशी याच्यासह भारतात आले. ताजमहाल, बनारस, कांचनगंगा यांच्या जोडीला वेरूळ-अजिंठाही त्यांच्या ठशांत उतरले. वेरूळच्या एकसंध कातळातून कोरलेल्या कैलास लेण्यासमोर, लाकडात कोरण्याचा ध्यास घेतलेला हा माणूस उभा राहिला.

नगरकरांना ती वाट परकी नाही. नेवासे, प्रवरासंगमावरून संभाजीनगर, आणि पुढे वेरूळ. तरी योशिदांचे वेरूळ आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिले असेल. ती चित्रे जपान-अमेरिकेतल्या संग्रहांत आहेत. मराठवाडा-नगरच्या संग्रहालयांनी निदान त्यांच्या प्रतिकृती मागवून इथल्या मुलांसमोर मांडाव्यात.