पुण्यश्लोक अहिल्यादेवी व त्यांचें सोलापुरांतील स्मारक

सोलापुराहून पुण्याच्या रस्त्यानें जातां केगांवाजवळ आमच्या जिल्ह्याचें विद्यापीठ लागतें. आमच्या धर्मग्रामांतील मुलामुलींच्या पदवीपत्रांवर आज त्याचें पूर्ण नांव छापलेलें असतें : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. पूर्वीं येथील महाविद्यालयें कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठास जोडलेलीं होतीं. २००४ सालीं एका जिल्ह्यापुरतें हें स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झालें व २०१९ सालीं त्यास हें नांव मिळालें. श्रीसिद्धेश्वरांचें नांव द्यावें अशीही मागणी होती, आणि वाद बराच रंगला. त्यांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. ज्या बाईंचें नांव दिलें गेलें त्यांनीं काय राखिलें व कसें राखिलें, एवढेंच ज्युबिलीच्या या पुस्तिकेच्या वाचकांपुढें ठेवावें असा आमचा हेतु आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालीं चौंडी येथें माणकोजी शिंदे पाटलांच्या घरीं झाला. हें गांव आपल्या जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाहीं; तें ज्या जिल्ह्यांत मोडतें त्याचेंच नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पति खंडेराव पडले, १७६६ सालीं सासरे मल्हारराव गेले, आणि दुसऱ्याच वर्षीं एकुलता एक पुत्र मालेराव गेला. त्यानंतर होळकरशाहीचा कारभार त्यांनीं हातीं घेतला व १७९५ सालीं देह ठेवीपर्यंत नर्मदातीरीं महेश्वर येथून चालविला.

त्यांच्या धर्मकृत्यांची यादी फार मोठी आहे; ती देण्यांत अर्थ नाहीं. दोनच स्थळें घेऊं. काशीविश्वेश्वराचें मंदिर १६६९ सालीं औरंगजेबाच्या हुकुमानें पडलें होतें व त्या जागीं मशीद उभी होती. अहिल्याबाईंनीं मशिदीस हात न लावितां शेजारच्या जागेंत नवें मंदिर बांधविलें. तें १७८० सालीं पुरें झालें. सोमनाथासही त्यांनीं तोच मार्ग धरिला. जुन्या भग्नावशेषांपासून थोड्या अंतरावर १७८३ सालीं मंदिर उभारून मुख्य पिंडी खालीं तळघरांत बसविली. दुसऱ्याचें प्रार्थनास्थळ न मोडतां आपलें तीर्थ राखण्याची ही रीत होय. आमच्यासारख्या अल्पसंख्य समाजास तिचें मोल विशेष वाटावें, यांत नवल नाहीं.

या कामांचा खर्च त्या आपल्या खासगींतून, म्हणजे राज्याच्या खजिन्याहून वेगळ्या ठेविलेल्या उत्पन्नांतून, करीत. नुसतें बांधून त्या थांबत नसत. ठिकठिकाणच्या पूजाअर्चेस व अन्नदानास वर्षासनें लावून दिलेलीं असत, आणि दक्षिणेकडील देवळांस गंगेचें पाणी नेमानें पोंचत असे. ज्यांनीं एखाद्या जुन्या वास्तूचें छप्पर पावसाळ्यापूर्वीं शाकारविलें असेल, त्यांस या व्यवस्थेची किंमत कळेल.

हें सारें आम्हांस ज्यांच्या लेखणींतून बरेंचसें कळतें ते सर जॉन माल्कम हे एक स्कॉटिश सेनानी होते; पुढें ते मुंबईचे गव्हर्नर झाले. मध्य हिंदुस्थानावरील त्यांचा ग्रंथ १८२३ सालीं निघाला. बाईंच्या मृत्यूस तेव्हां तीस वर्षेंही झालीं नव्हतीं, आणि त्यांना पाहिलेलीं माणसें हयात होतीं. भर उन्हाळ्यांत नांगराच्या बैलांस पाणी पाजण्यास बाईंनीं माणसें नेमिलीं होतीं, असें ते लिहितात. त्यांनींच दिलेली आणखी एक हकीकत अशी कीं, एका ब्राह्मणानें बाईंच्या स्तुतिपर ग्रंथ रचून आणिला. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला, आपण एक दुबळी, पापी स्त्री आहों, या स्तुतीस पात्र नाहीं, असें सांगितलें, आणि तो ग्रंथ नर्मदेंत सोडावयास लाविला.

अशा बाईंचें स्मारक करणें अवघडच. विद्यापीठास त्यांचें नांव देणें आम्हांस उचित वाटतें, कारण विद्यापीठाचें कामही मिळालेलें राखून पुढच्यांच्या हातीं देण्याचें आहे. परंतु आमच्या जिल्ह्यांत त्यांचें आणखी एक स्मारक आहे, आणि तें त्यांनीं स्वतःच बांधविलेलें आहे. पंढरपुरास चंद्रभागेच्या काठीं होळकरांचा वाडा उभा आहे. आंत श्रीरामाचें मंदिर आहे. पंढरपूरच्या मंदिर परिसराच्या विकासाचा आराखडा अलीकडे पुढें आला, तेव्हां या वाड्याचें काय होणार, अशी चिंता अनेकांनीं बोलून दाखविली. आषाढी-कार्तिकीस न जाणाऱ्या आमच्या वाचकांनींही कधीं पंढरपुरास गेल्यास तो वाडा अवश्य पाहून यावा.