कुंडीतला टोमॅटो आणि खानदेशातली रात्र

जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत गेलो की आमच्यापुढे एक प्रश्न हमखास येतो. फेब्रुवारीत मुलांनी कुंडीत टोमॅटोचे बी पेरले. रोपे जोमाने वाढली, एप्रिलमध्ये पिवळी फुले आली आणि फळ न धरताच गळून गेली. मुलांना वाटते, आपलेच काहीतरी चुकले. पाणी कमी पडले, की खत जास्त झाले? उत्तरासाठी थोडे इतिहासात डोकावू या.

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात, इक्वेडोर-पेरूच्या परिसरात वाढत. पीक म्हणून त्याची जोपासना मेक्सिकोत झाली. स्पॅनिशांनी १५२१ मध्ये मेक्सिको जिंकल्यानंतर तो युरोपात पोचला. १५४४ मध्ये मात्तिओली या इटालियन वैद्याने त्याचे वर्णन वांग्याचा एक प्रकार म्हणून केले. बंगालीतही त्याला 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगे, असे नाव मिळाले. हे नाते खरेच आहे. दोन्ही वनस्पती सोलॅनम या एकाच प्रजातीतल्या. पण वांगे आशियाच्या उष्ण भागातले. खानदेशी भरताचे वांगे उकाडा जितका सोसते तितका टोमॅटो सोसत नाही.

नेमके काय सोसत नाही, हे फ्रिट्स वेंट यांनी दाखवले. ओटच्या कोंबांवरील प्रयोगातून १९२०च्या दशकात ऑक्झिनचा छडा लावणारे हेच ते शास्त्रज्ञ. पुढे कॅलिफोर्नियात त्यांनी टोमॅटोची झाडे दिवसा एका तापमानात व रात्री दुसऱ्या तापमानात ठेवून पाहिली. १९४४ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : फळधारणा रात्रीच्या तापमानावर अवलंबून असते. रात्र १५ ते २० अंश सेल्सिअसची असली की फळे भरपूर धरतात. त्याहून थंड किंवा उष्ण रात्री ती घटतात.

असे का होते? फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधी कळीत परागकण तयार होत असतात. त्या वेळी उष्मा झाला तर ते कमी आणि निर्जीव निपजतात. कधी कुक्षी परागकोशांच्या बाहेर डोकावते आणि स्वपरागण चुकते. मे महिन्यात जळगावात दुपारी पारा ४२ अंशांच्या घरात असतो आणि रात्रीही सहसा २५च्या खाली उतरत नाही. कुंडी सावलीत हलवली, मातीची कुंडी माठासारखी पाझरून गार राहिली, तर मुळांना दिलासा मिळेल. रात्रीची हवा मात्र थंड होणार नाही.

म्हणून शाळेत हा प्रयोग जरूर करावा. एकाच वाणाचे बी काही कुंड्यांत ऑगस्टअखेर आणि काही कुंड्यांत फेब्रुवारीत पेरावे. माती, खत सारखेच ठेवावे. माती सारखीच ओलसर राहील इतके पाणी द्यावे. फुले येऊ लागली की रोजचे किमान तापमान, उमललेली फुले आणि धरलेली फळे वहीत नोंदवावीत. नोव्हेंबर-डिसेंबरच्या गार रात्री आणि एप्रिलच्या रात्री शेजारी मांडल्या की मुलांना उत्तर आपोआप सापडेल. फूल गळणे हीसुद्धा एक नोंद आहे, नापास झाल्याची खूण नव्हे, एवढे त्यांना पटले तरी कुंडीचे सार्थक झाले.