टक! होडीची बॅटरी डाऊन का होते?

भर समुद्रात चावी फिरवली आणि इंजिन नुसतं 'टक' करतंय, तर त्याचं कारण शोधायला मी आधी १८५९ मध्ये जाईन. फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने शिशाचे पत्रे आम्लात बुडवून पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला. हाताने हँडल मारणं सुटलं (त्यात मनगटं मोडायची!). पुढे होड्यांची इंजिनंही अशीच सुरू व्हायला लागली.

स्टार्टरला काही सेकंदच, पण प्रचंड करंट लागतो. म्हणून या बॅटरीत पातळ प्लेटा, त्याही भरपूर. मी कोडवाला माणूस, मला हे सरळ स्पेसिफिकेशन वाटतं: झटका द्यायचा, लगेच चार्ज व्हायचं. आपण तिच्यावर रात्रभर दिवे आणि फिशफाइंडर चालवतो! त्याला जाड प्लेटांची डीप सायकल बॅटरी वेगळी घ्या. स्टार्टिंगची घेताना सीसीए आकडा इंजिनच्या मॅन्युअलशी जुळवा.

बंद पडली तर आधी टर्मिनल घासा, खाऱ्या हवेने गंजतात. मग मीटर. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट दिसतात, पण स्टार्ट मारताना ९.६ च्या खाली जातात? बॅटरी गेली. व्होल्टेज टिकतंय, तरी 'टक'? मग वायर आणि स्टार्टर तपासा.