माया लिपी आणि लांदाची ‘वर्णमाला’

अमेरिकेतील प्राचीन संस्कृतींची ओळख तरुण वाचकांस करून देताना प्रारंभ बहुधा पिरॅमिड व नरबळी यांपासून होतो. ते लोक स्वतःविषयी काय लिहून ठेवीत होते, हा प्रश्न मागे राहतो. माया संस्कृतीपुरता तरी प्रारंभ लिपीपासून करणे अधिक न्याय्य होय.

१५६२ च्या जुलैत युकातानमधील मानी येथे दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने माया पोथ्यांची होळी केली. आज अशा चारच पोथ्या अवशिष्ट आहेत. याच लांदाने सुमारे १५६६ मध्ये लिहिलेल्या वृत्तांतात माया ‘वर्णमाला’ नोंदविली. ती एका गैरसमजाचे फलित आहे. ‘ब’ या वर्णाचे स्पॅनिश नाव ‘बे’. मायात ‘बे’ म्हणजे वाट. माया लेखकाने वाटेवरचे पाऊल काढून दिले! लांदा वर्ण विचारीत होता, लेखक अक्षर ऐकत होता. पुढे त्याने ‘मा इन काति’, म्हणजे ‘मला नको’, असे लिहिले. लांदाने तेही उदाहरण म्हणून उतरून घेतले. बिचारा लेखक वैतागला असावा.

हा वृत्तांत १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु वर्ण मानून वाचता पोथ्यांतून अर्थ निघेना, म्हणून यादी टाकाऊ ठरली. १९५२ मध्ये लेनिनग्राड येथील युरी क्नोरोझोव्ह यांनी तीच चिन्हे अक्षरे मानली. ड्रेस्डेन पोथीत टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हे आहेत. पहिले लांदाचे ‘कु’; पक्ष्याचे माया नाव ‘कुत्स’; तेव्हा दुसरे ‘त्सु’. कुत्र्याच्या चित्रावर हेच ‘त्सु’ आरंभी येते, व त्यापुढे लांदाचा ‘ल’. कुत्र्यास मायात ‘त्सुल’ म्हणतात. एरिक थॉम्प्सन यांच्यासारख्या अधिकारी विद्वानाने हे मत कठोरपणे नाकारले, आणि त्यांच्या दबदब्यामुळे पश्चिमेत त्याचा स्वीकार दीर्घकाळ रेंगाळला.

दरम्यान १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी पिएद्रास नेग्रास येथील शिलास्तंभांवरील तिथ्यांचे गट पाडून दाखविले. एकही गट मानवी आयुर्मर्यादेपलीकडे जात नव्हता. ज्या लेखांत केवळ कालगणना व देवधर्म आहे असे मानले जाई, त्यांत राजांचे जन्म व राज्यारोहणे होती.

पालेंके येथे ६१५ ते ६८३ राज्य करणाऱ्या राजाचे नाव कधी ढालीच्या चित्राने, तर कधी ‘पा-का-ला’ या तीन चिन्हांनी लिहिले आहे. वाचताना शेवटचा स्वर गळतो व ‘पाकाल’ उरते. ‘घर’ मधील अंत्य ‘अ’ न उच्चारणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास हे समजावून सांगावे लागणार नाही.