सायबेरियन हस्की आणि नागपूरचा उन्हाळा: घर सुटलेल्या कुत्र्याला दुसरं घर कसं मिळतं?

२३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. (मे २०२४ मधला ५६ अंशांचा आकडा अनेकांच्या लक्षात असेल. तो बिघडलेल्या सेन्सरचा होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं.) एरवी मे महिन्यात ४४-४५ अंशांची इथे कुणाला बातमीही वाटत नाही. याच शहरात सायबेरियन हस्की पाळले जातात. म्हणजे ईशान्य सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी बर्फावरून गाडी ओढण्यासाठी घडवलेली कुत्र्यांची जात.

यातले काही हस्की एसीच्या खोलीत सुखाने राहतात. काही मात्र वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत नकोसे होतात. मग कुणी त्यांना सोसायटीच्या गेटला बांधून जातं, कुणी आउटर रिंग रोडवर सोडतं, कुणी 'आम्ही बाहेरगावी चाललोय, फुकट देतोय' असा मेसेज फिरवतं. तिथून पुढचं काम करतात ते प्राणिमित्र. पगार नाही, बहुतेकदा कार्यालय नाही, एखादा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि ओळखीचे दोन-तीन डॉक्टर एवढंच भांडवल. त्यांचं हे काम नेमकं चालतं कसं आणि अडतं कुठे?

हस्की रस्त्यावर येतोच कसा?

सुरुवात बहुतेक वेळा पडद्यावरून होते. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतले लांडगे लोकप्रिय झाले आणि तसा दिसणारा कुत्रा म्हणून जगभर हस्कींची मागणी वाढली. पुढे त्यातले इतके कुत्रे सोडून दिले जाऊ लागले की २०१७ मध्ये मालिकेतला अभिनेता पीटर डिंकलेज याला 'हस्की विकत घेऊ नका' असं जाहीर आवाहन करावं लागलं. आपल्याकडे हे आधीच घडून गेलं होतं. २००३ मधल्या 'हच'च्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आठवत असेल. त्यानंतर पग घरोघरी आले आणि चपट्या नाकामुळे श्वास अपुरा पडणारी ही जात आपल्या उकाड्यात धापा टाकू लागली.

हस्कीचं पिल्लू निळ्या डोळ्यांचं, कापसाच्या गोळ्यासारखं असतं. दिवाळीनंतर घरी आणलं तर थंडीत सगळं छान चालतं. मे उजाडतो तेव्हा ते सात-आठ महिन्यांचं, दात शिवशिवणारं, दिवसाला मैलोन्मैल पळायची ताकद असलेलं जनावर झालेलं असतं. उन्हामुळे फिरवणं पहाटे आणि रात्री उशिरापुरतं उरतं. मग ते सोफा फाडतं आणि कुंड्या उकरतं. हस्की फारसा भुंकत नाही. तो लांडग्यासारखा हेल काढून ओरडतो, आणि फ्लॅटमध्ये ते चार मजले ऐकू जातं. घरभर केस, विजेचं बिल, शेजाऱ्यांची तक्रार, घरमालकाची नोटीस हे सगळं एकाच उन्हाळ्यात येतं.

घरमालक आणि सोसायट्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. पण भाडेकरूला हे माहीत असलं तरी तो करार नूतनीकरणाच्या वेळी भांडत बसत नाही.

दुसरा प्रवाह घरांतून नव्हे, तर पैदास करणाऱ्यांकडून येतो. वारंवार पिल्लं काढून थकलेली मादी त्यांच्या उपयोगाची राहत नाही. अशी मादी ओळखता येते. लोंबलेले सड, घासून केस गेलेले कोपरे, वाढलेली नखं आणि कित्येकदा गर्भाशयाचा संसर्ग. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, मादीची वर्षातून एकापेक्षा जास्त आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त बाळंतपणं करायची नसतात, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नसतं. केनेल क्लबचे 'पेपर्स' म्हणजे ही नोंदणी नव्हे. विकत घेणारे मात्र पेपर्स विचारतात, नोंदणी क्रमांक क्वचितच.

मोकाट कुत्र्यांची व्यवस्था इथे का चालत नाही?

रस्त्यावर जन्मलेल्या गावठी कुत्र्याला त्याची गल्ली असते. पाणी कुठे मिळतं, दुपारी कोणत्या गाडीखाली सावली असते, कोणत्या चौकापलीकडे दुसऱ्या टोळीची हद्द सुरू होते, हे त्याला ठाऊक असतं. म्हणूनच २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा गाभा असा आहे की नसबंदी आणि रेबीजची लस दिल्यावर कुत्र्याला पकडलं तिथेच परत सोडायचं. (शाळा, रुग्णालयं, स्थानकं यांच्या परिसराबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला.)

घरातून काढलेल्या हस्कीला 'तिथेच' असं काही नसतं. त्याला वाहनं कळत नाहीत, उकिरड्यावरचं खाणं पचत नाही, आणि इलाक्यातली कुत्री त्याला फाडतात. मेच्या दुपारी तर त्याच्याकडे दिवस नसतात, तासच असतात.

नागपुरात दत्तक हा शब्द कोर्टातही गाजला आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मोकाट कुत्र्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालण्यास मनाई केली. खाऊ घालायचंच असेल तर कुत्रा रीतसर दत्तक घ्या, महापालिकेकडे नोंदणी करा, असं त्या आदेशात होतं. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या सक्तीला स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्याने दत्तक घेतलंच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. प्राणिमित्रांना हे अनुभवाने आधीच माहीत असतं. गळ्यात मारलेला कुत्रा काही महिन्यांत पुन्हा रस्त्यावर येतो.

आधी जीव वाचवायचा

सापडलेला हस्की धापा टाकत असेल, लाळ घट्ट झाली असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, पाय लटपटत असतील तर तो उष्माघात आहे. अशा वेळी फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी त्याला सावलीत न्यायचं आणि साध्या पाण्याने पोट, जांघा, पंजे भिजवून वारा घालायचा. अंगावर ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, तो गरम होऊन उष्णता आतच अडवतो. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. ते १०४ च्या वर गेलं की धोका सुरू होतो आणि १०६ च्या आसपास आतले अवयव निकामी होऊ लागतात. थोडा सावरला की लगेच डॉक्टरकडे. खासगी दवाखान्यांशिवाय सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

मालक भेटला की पहिला सल्ला हमखास मिळतो, 'याचे केस काढून टाका.' तो चुकीचा आहे. हस्कीला केसांचे दोन थर असतात. आतला मऊ थर उन्हाळ्यात गळतो, तो विंचरून काढायचा असतो. वरचा थर ऊन थेट कातडीवर पडू देत नाही. यंत्र फिरवून दोन्ही काढले तर कातडी भाजते आणि केस परत येताना नीट येतीलच असं नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. नवतपा संपला की नागपूरकर सुटकेचा श्वास सोडतात, पण हस्कीसाठी पुढचे काही आठवडे वेगळ्या तऱ्हेने कठीण असतात. मेमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांचा कूलरही खोली बरीच थंड करतो. जूनच्या शेवटी दमटपणा वाढतो, कूलर नुसता चिकटपणा वाढवतो. कुत्रा जिभेवरचं पाणी वाफेत घालवून अंग थंड करतो, त्यामुळे दमट हवेत त्याचंही कूलरसारखंच होतं. म्हणून हस्की सांभाळणाऱ्या घरात एसी लागतो, तोही वीज गेल्यावर काय करायचं याच्या तयारीसह.

फॉस्टर म्हणजे कायमचं घर नव्हे

फॉस्टर म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्र्याला स्वतःच्या घरी ठेवणारी व्यक्ती. सगळं काम इथेच अडतं. गाडी घेऊन जाणारे मिळतात, औषधांसाठी पाचशे-हजार पाठवणारे मिळतात, 'किती गोड आहे' म्हणणारे तर शेकडो. दीड महिना एसीची खोली देणारं घर मिळत नाही. शेल्टर हा पर्याय वाटतो, पण तिथे बहुतेक जागा अपघातात सापडलेल्या गावठी कुत्र्यांनी भरलेल्या असतात आणि पत्र्याखालचा पिंजरा हस्कीला घातकच.

फॉस्टरकडे आल्यावर पहिले दहा ते चौदा दिवस कुत्रा घरातल्या इतर कुत्र्यांपासून वेगळा ठेवतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग कधी अंगात दबून असतात. रक्त तपासून गोचीड ताप आहे का बघतात. विदर्भात तो नेहमीचाच. मग लस, जंतांचं औषध, वजन वाढलं की नसबंदी. मायक्रोचिप असेल तर स्कॅनरवर पंधरा अंकी क्रमांक दिसतो आणि मालक सापडू शकतो. हरवलेला कुत्रा आणि टाकलेला कुत्रा यांत फरक करावाच लागतो. कुणी 'माझा आहे' म्हणत आलं तर लसीकरणाचं कार्ड, जुने फोटो, डॉक्टरचं नाव विचारतात. सुंदर कुत्र्याचे खोटे मालक पुष्कळ उगवतात.

स्वभाव कळायला वेळ लागतो. जगभरच्या स्वयंसेवकांत 'तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने' असा ठोकताळा चालतो. तीन दिवस कुत्रा बुजलेला असतो, तीन आठवड्यांत घराचा क्रम त्याला कळतो आणि तीन महिन्यांनी तो खराखुरा दिसतो. हस्कीच्या बाबतीत पहिल्या तीन दिवसांतला मोठा धोका पळून जाण्याचा. दार किलकिलं दिसलं की तो गेला. त्यामुळे मुख्य दाराच्या आतही पट्टा हातात ठेवायची सवय फॉस्टरला लावतात. मांजर किंवा कोंबड्या असलेल्या घरात त्याला ठेवतच नाहीत.

फॉस्टरचा जीव गुंतून कुत्रा तिथेच राहिला, असंही होतं. कुत्र्यासाठी ते चांगलं, ग्रुपसाठी मात्र एक फॉस्टर घर कमी.

कुणाला द्यायचा, कुणाला नाही?

फोन खूप येतात. त्यातला मोठा भाग फार्महाऊसवाल्यांचा, राखणीला कुत्रा हवा म्हणून. हस्की राखणदार नाहीच, चोराचंही तो शेपूट हलवून स्वागत करेल. शिवाय नागपूरभोवतीच्या जंगलाच्या कडेला रात्री बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याचं सोपं भक्ष्य ठरतो. दुसरा हुकमी सल्ला 'हिमाचलला पाठवून द्या' हा. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. उन्हाळ्यात त्या पेटीत हस्की घालणं म्हणजे जिवाशी खेळ, त्यामुळे लांबची घरं थंडीपर्यंत थांबवून ठेवतात. आणि तसंही, थंड गावात दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्यापेक्षा धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये आजी-आजोबांसोबत एसीत पडून राहणारा कुत्रा जास्त सुखी असतो.

खरी भीती पैदास करणाऱ्यांची. मादी फुकट मिळतेय म्हटल्यावर ते कुटुंबवत्सल माणसासारखे बोलतात. म्हणून नसबंदी झाल्याशिवाय मादी द्यायची नाही, हा नियम कुणासाठीच मोडत नाहीत. अर्ज आल्यावर घर बघायला जातात. बाल्कनीला जाळी आहे का, दिवसा घरी कोण असतं, भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारलंय का, घरातल्या सगळ्यांना कुत्रा हवाय का? शेवटचा प्रश्न सासूबाईंना वेगळा विचारला तर उत्तरही वेगळं येतं, हा जुन्या स्वयंसेवकांचा अनुभव.

ज्याने टाकलं त्याचं काय?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा आहे १० ते ५० रुपये दंड. हजारो रुपये देऊन आणलेला कुत्रा सोडून देण्याची किंमत आजही जास्तीत जास्त पन्नास रुपये, आणि तीही मालक सापडला तर. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर दंड शंभर रुपयांपर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने २३ 'हिंस्र' जातींवर बंदी सुचवणारं पत्र राज्यांना पाठवलं, तेव्हा चर्चा झाली ती जातींची. त्या यादीत हस्की नव्हता, आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्दही केलं. टाकून देणाऱ्याचा दंड मात्र तेव्हाही पन्नासवरच होता.

कुत्रा ठेवणं खरोखरच अशक्य झालं असेल तर प्राणिमित्रांचं मागणं फार नसतं. महिना-दीड महिना आधी सांगा, घर मिळेपर्यंत तुमच्याकडेच ठेवा, लसीचं कार्ड द्या, तो कशाला घाबरतो आणि काय खातो ते लिहून द्या. फॉस्टरची गरजच मग पडत नाही.

नवं घर मिळालं की दत्तक करारावर सही होते, पहिल्या काही महिन्यांचे फोटो पाठवायचं ठरतं, कुत्र्याचं जुनं पांघरूण वासासाठी सोबत देतात. करारातल्या एका कलमावर स्वयंसेवक बोट ठेवून ते मोठ्याने वाचून दाखवतात: सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा दुसऱ्या कुणालाही न देता, कितीही वर्षांनी असो, याच ग्रुपकडे परत करायचा.