बाई, सायकल आणि डोंगर

सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पेपरवाला येतो, नाही तर शाळेला निघालेली पोर. डोंगर काही येत नाही. पण गेल्या पन्नास वर्षांत सायकलीने डोंगरही गाठला. ती हकिकत सांगताना बहुधा पुरुषांचीच नावे घेतात. त्यात एक बाईही होती, म्हणून हा लेख.

आरंभी सायकल बायकांसाठी नव्हतीच. पुढचे चाक छातीइतके उंच. घोळदार झगा सावरून त्यावर चढणार कोण? १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांनी जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीची ‘रोव्हर’ सायकल काढली. १८८८ मध्ये डनलॉप यांचे हवेचे टायर आले, आणि मग बायका धीर करू लागल्या. अमेरिकेत बॉस्टनची अ‍ॅनी कोपचोव्स्की, तीन मुलांची आई, १८९४ साली जगप्रवासाला निघाली. एका पाण्याच्या कंपनीने आपली पाटी सायकलीला लावण्याबद्दल तिला १०० डॉलर दिले. त्या कंपनीचे ‘लंडनडेरी’ हे नाव तिने आपल्यालाच लावून घेतले! शिकागोला पोचल्यावर तिने जड बायकी सायकल सोडून हलकी पुरुषी सायकल घेतली, झगाही सोडला. पुष्कळसा प्रवास तिने आगबोटीने केला हे खरे. पण तीन मुले मागे ठेवून उंबरठा ओलांडायचा, हेच मला अवघड वाटते.

आता डोंगराकडे वळू. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतर तिकडची तरुण मंडळी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरांच्या भंगार सायकली डागडुजी करून कच्च्या उतारांवरून सोडीत. त्यांना हाताचे ब्रेक नसत; पायडल उलटे दाबले की मागचे चाक थांबे. १९७६ साली तिथे शर्यत सुरू झाली. सुमारे दोन मैलांत तेराशे फुटांचा उतार! खाली येईपर्यंत मागच्या चाकाचा तुंबा इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. मग तुंबा खोलायचा आणि नवे ग्रीस भरायचे. त्यावरून त्या उताराला नावच पडले ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे. आपल्या कढईतले तेल धुरावले तर आपण आच बंद करतो. ही मंडळी पुन्हा वर जात.

या मंडळींत वेंडी क्रॅग होती. ती सायकल चालवी आणि कॅमेराही बाळगी. १९७८ साली कोलोराडोतील पर्ल पास ही सुमारे १२,७०० फुटांवरची खिंड ओलांडायला काहीजण सायकली घेऊन गेले, त्यांत तीही होती. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून ही उंची अधिक. त्या पहिल्या दिवसांचे जे फोटो आज पाहायला मिळतात, त्यांतले पुष्कळ वेंडीने काढलेले आहेत. पण फोटो काढणारी फोटोत कुठून दिसणार? पंगतीला वाढणारीचे पान शेवटी, तसेच हे. जो ब्रीझ यांनी डोंगरासाठी मुद्दाम सायकल बांधली, गॅरी फिशर व चार्ली केली यांनी १९७९ मध्ये दुकान काढले. ती नावे सर्वांना पाठ. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलीची शर्यत प्रथमच आली. तेव्हा मात्र बायकांचीही शर्यत ठेवली होती. ती इटलीच्या पाओला पेझो यांनी जिंकली.

हौसेचा डोंगर झाला. आपल्या देशातल्या बायकांना सायकल लागते ती कामासाठी. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची चळवळ चालू होती. तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी अक्षरांच्या जोडीला बायकांना सायकल शिकवायचे ठरवले. खाणीत खडी फोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, गावोगाव हिंडणाऱ्या नर्सबाई, हजारोंनी शिकल्या. लोक हसले, वाटेल ते बोलले. दुकानांतल्या लेडीज सायकली संपल्या, तेव्हा बायकांनी पुरुषी सायकली घेतल्या. काहींना तर त्याच पसंत पडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते.