कोरियन वाक्याचें शेपूट

हल्लीं कोरियन भाषा शिकूं लागलेल्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं परवां एक तक्रार आणली. शब्द पाठ होतात. 'नामु' म्हणजे झाड, 'हानुल' म्हणजे आकाश, 'साराम' म्हणजे माणूस. परंतु वाक्याचा शेवट कांहीं केल्या हातीं लागत नाहीं! तक्रार रास्त आहे. मात्र याच शेपटानें त्या देशाच्या पंडितांसही शतकानुशतकें गांजलें होतें, हा इतिहास त्यांस ठाऊक नसावा.

प्रथम अडचण काय ती पाहूं. 'पाऊस पडतो' हें वाक्य आपण पोरास सांगितलें काय किंवा गुरुजींस सांगितलें काय, क्रियापद तेंच राहतें. ज्याच्याविषयीं बोलावयाचें त्याचा मान आपण 'तो आला', 'ते आले' असा राखतों. कोरियन क्रियापद ऐकणाराचाही मान राखतें. सवंगड्यास 'पिगा वा', वडील माणसास 'पिगा वायो', सभेंत 'पिगा ओम्निदा'. पाऊस एकच, शेवट तीन. प्रश्न असेल तर 'ओम्निक्का'. सांगणें, विचारणें, सलगी व अदब हीं सर्व त्या दोनतीन अक्षरांत सांठविलेलीं असतात.

प्राचीन कोरियानें लिपी घेतली ती चीनची. चिनी क्रियापदास असे प्रत्यय लागत नाहींत. म्हणून त्या लिपींत झाडास चिन्ह होतें, आकाशास होतें, पण या शेपटास नव्हतें. तेव्हां कांहीं चिनी चिन्हें केवळ उच्चारापुरतीं घेऊन प्रत्यय लिहिण्याची 'इदु' नांवाची पद्धति निघाली, व कचेऱ्यांतील कारकुनांनीं ती एकोणिसाव्या शतकापर्यंत चालविली. पंडित शुद्ध चिनींत लिहीत. सामान्य जनांस कांहींच लिहितां येत नसे.

ही कोंडी फोडली राजा सेजोंग यानें. १४४३ मध्यें त्यानें २८ अक्षरांची स्वतंत्र लिपी सिद्ध केली व १४४६ मध्यें ती जाहीर केली. आपली बोली चिनीहून भिन्न असल्यामुळें अडाणी प्रजेस मनांतलें मांडतां येत नाहीं, हेंच कारण त्यानें प्रस्तावनेंत दिलें. चिनी अक्षरें सोडणें म्हणजे रानटी होणें, असा अर्ज छ्वे माल्ली प्रभृति दरबारी पंडितांनीं १४४४ मध्यें केला. राजा बधला नाहीं. तरी प्रतिष्ठा चिनीकडेच राहिली. नवी लिपी स्त्रियांच्या पत्रांत व कथांत वाढली, आणि सरकारी कागदांत तिला मान मिळाला तो १८९४ मध्यें.

या सहवासानें हजारों चिनी शब्द कोरियन घरांत मुरले. 'तीन वाजून तीन मिनिटें' हें ते 'से शि, साम बुन' असें म्हणतात. तासांचे तीन देशी, मिनिटांचे तीन चिनी! परंतु शब्द परका असला तरी शेपूट घरचेंच. आपण फारशी 'मंजूर' घेऊन त्यास 'करणें' जोडलें, तसे तेही चिनी शब्दास 'हादा' जोडतात.

पुढें १९१० मध्यें जपाननें देश गिळला, आणि १९३८ पासून शाळांतून ही भाषा हद्दपार होऊं लागली. शब्दकोश रचणाऱ्या भाषामंडळाच्या सभासदांची १९४२ मध्यें धरपकड झाली. यी युनजे व हान जिंग हे दोघे तुरुंगांतच वारले. पुरावा म्हणून जप्त झालेलें कोशाचें हस्तलिखित सप्टेंबर १९४५ मध्यें सोल स्टेशनच्या वखारींत सांपडलें. पहिला खंड १९४७ मध्यें निघाला, सहावा व शेवटचा १९५७ मध्यें.

आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही इतकेंच सांगूं, कीं शेवट चुकला म्हणून खंतावूं नये. त्या दोन अक्षरांसाठीं एका राजास लिपी घडवावी लागली, आणि ज्या भाषेचीं तीं आहेत तिच्या शब्दांची नोंद ठेवतांना दोन माणसें तुरुंगांत मेलीं. तीं शिकावयास तुम्हांस चार महिने अधिक लागले, तर तेवढी किंमत जड मानूं नये.